मैदान उघडले त्या आठवड्यात

बीडहून मांजरसुंब्याचा घाट चढून पाटोद्याकडे वळले की सपाट जमीन कमी आणि दगड जास्त दिसू लागतात. बालाघाटच्या या पट्ट्यात सीताफळ चांगले येते, ज्वारी-बाजरी येते, सौताड्याला पावसाळ्यात धबधबा पाहायला लांबून माणसे येतात. पण मुलांना बॅट-बॉल खेळायला चार पावले सरळ जागा मिळत नाही. आमच्या वस्तीतली मुले रस्त्यावर खेळायची, उन्हाळ्यात विंचरणा नदीच्या कोरड्या पात्रात खेळायची. चेंडू कुणाच्या तरी पत्र्यावर पडायचा, मग आतून ओरडा, मग पळापळ.

गेल्या वर्षी चेंडूमागे धावताना एका पोराला मोटारसायकलची धडक बसली. पाय मोडला. अल्लाहचे शुक्र, जीव वाचला. त्या पोराला मी अंगणवाडीत अक्षरे गिरवायला शिकवले होते. मी अंगणवाडी सेविका आहे. वस्तीतले बहुतेक प्रत्येक पोर कधी ना कधी माझ्यासमोर खिचडीची ताटली घेऊन बसलेले आहे.

या अपघातानंतर वस्तीपलीकडच्या एका वयस्कर शेतकऱ्यांनी, ज्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो, पोरांना बोलावून घेतले. त्यांची अडीच एकर खडकाळ पड होती. काही पिकत नव्हते. ते म्हणाले, “माझ्या हयातीत तरी इथं खेळा. पुढचं माझी पोरं बघतील.”

असे आमच्याकडे मैदान सुरू झाले. एक दिवस जेसीबी लावला, कारण दोन दिवसांचे भाडे परवडणारे नव्हते. बाकीचे हाताने. जुम्याच्या नमाजनंतर मोहल्ल्यातली तरुण मुले तासभर दगड उचलायला जात. भजनी मंडळातली माणसे सकाळी जात. बचत गटातल्या आम्ही बायकांनी लहान खडे वेचले, जसे तांदळातले वेचतो तसे. दसऱ्याच्या सुट्टीत पोरांनी बाभळीची खोडे उपटली. वर्गणी दहा, वीस, पन्नासच्या नोटांत जमली आणि तिचा हिशेब किराणा दुकानाच्या भिंतीवर कागद चिकटवून लिहिला गेला. मुरूम टाकला, ट्रॅक्टरमागे रोलर बांधून दाबला, मधोमध सिमेंटची खेळपट्टी केली आणि तिच्यावर मॅट अंथरायची असे ठरले. एका बाजूची सीमारेषा फार जवळ आहे; तिथे षटकार मारला तर चौकारच धरायचा, असा नियमही करून टाकला.

मग उद्घाटनाची गोष्ट निघाली, आणि खरी परीक्षा तिथून सुरू झाली.

पारावर बैठक झाली. तरुणांचे म्हणणे होते की २६ जानेवारीला उद्घाटन करू. झेंडावंदन झाले की फीत कापायची, संध्याकाळी गाण्यांचा कार्यक्रम ठेवायचा. सगळ्यांना पटले. मला मात्र माझी नोंदवही आठवली. बीड जिल्हा ऊसतोड कामगारांचा. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाकडून उचल घेतलेले नवरा-बायको कोयता घेऊन निघतात, बरोबर पोरे निघतात. कुणी कोल्हापूर-सांगलीकडे, कुणी कर्नाटकात. माझ्या नोंदवहीत तेवढ्या नावांपुढे ‘स्थलांतरित’ असे लिहावे लागते. दसऱ्याला ज्या पोरांनी बाभळी उपटल्या, त्यातली निम्मी जानेवारीत उसाच्या फडात पाचट गोळा करत होती.

मी उभी राहिले आणि तेवढेच बोलले. “ज्यांनी काटे काढले ती पोरं इथं नाहीत. मग आपण उद्घाटन कुणाचं करतोय?”

एक तरुण म्हणाला, “चाची, मैदान काय पळून जातंय? ते आल्यावर खेळतीलच की.”

त्याचे बोलणे चुकीचे नव्हते. पण मला मागे वाचलेली एक गोष्ट आठवत होती, ती मी त्या दिवशी मोडक्यातोडक्या शब्दांत सांगितली. इथे जरा नीट सांगते.

मुंबईचे ब्रेबॉर्न स्टेडियम १९३७ च्या डिसेंबरात खुले झाले. त्या काळी मुंबईत क्रिकेटचे संघ धर्मावरून पाडलेले असत. हिंदू, मुस्लिम, पारशी आणि युरोपियन. त्याच वर्षी भारतीय ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन वगैरेंचा पाचवा संघ आला आणि सामने पंचरंगी झाले. इतके सुंदर मैदान, समुद्र भरून काढलेल्या जमिनीवर उभे केलेले. पण स्टेडियममधल्या जागा कुणाला किती, यावरून वाद झाला आणि त्या पहिल्याच वर्षी हिंदू संघ स्पर्धेत उतरला नाही. मैदान नवे होते, मात्र खुर्च्यांच्या वाटणीत एक मोठा शेजारी बाहेर राहिला. पुढे १९४० मध्ये महात्मा गांधींनी धर्मावर आधारलेल्या या सामन्यांविषयी नापसंती बोलून दाखवली, आणि १९४६ नंतर ते सामने बंदच झाले.

त्याहून जुनी गोष्ट पळवणकर बाळूंची. पुण्यात गोऱ्या साहेबांच्या क्लबात मैदान राखायचे काम करणारा हा तरुण आपल्या काळातला देशातला सर्वांत मोठा फिरकी गोलंदाज झाला. हिंदूंच्या संघाला त्यांची गोलंदाजी हवी होती. पण ते दलित होते, म्हणून चहाच्या वेळी त्यांना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. मैदानात सोबत, सावलीत वेगळे. त्यांच्या भावाला, विठ्ठलला, १९२३ मध्ये हिंदू संघाचे कर्णधारपद मिळाले, तोवर बरीच वर्षे गेली होती.

या गोष्टी मी सांगितल्यावर थोडा वेळ कुणी बोलले नाही. मग आबांनी निकाल दिला. “कोयते परत येऊ द्या. पट्टा पडला की करू.”

पट्टा पडणे म्हणजे कारखान्याचा हंगाम संपणे. यंदा पाडवा आणि ईद एकाच आठवड्यात आले. ईदच्या नंतरचा शनिवार ठरला.

घरी येताना मला स्वतःचे कौतुक वाटत होते, खोटे कशाला बोलू. ते कौतुक माझ्या लेकीने दाराशीच उतरवले.

माझी धाकटी आठवीत आहे. तिला फिरकी टाकता येते. कुणी शिकवली नाही. ओट्यावर बसून ती लिंबू बोटांत फिरवत असते आणि लिंबू जमिनीवर पडून भलतीकडेच वळते. गेल्या २ नोव्हेंबरला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला, तो सामना आमच्या घरात टीव्हीसमोर बसून सगळ्यांनी पाहिला. दीप्ती शर्माने पाच बळी घेतले. प्रत्येक बळीला धाकटी उठून उभी राहायची आणि आपला हात तसाच फिरवून बघायची. त्याआधी उपांत्य सामन्यात त्याच मैदानावर वांद्र्याच्या जेमिमा रॉड्रिग्जने नाबाद १२७ धावा केल्या, तेव्हा तर ती रडली होती.

बैठकीहून आले तेव्हा तिने किराणा दुकानाजवळच्या त्या कागदाचा फोटो मोबाईलवर दाखवला. हिशेबाखाली मैदानाच्या वेळा लिहिल्या होत्या. सकाळी मोठी मुले. दुपारनंतर शाळेतली मुले. रविवारी सामने.

ती म्हणाली, “अम्मी, यात आमची वेळ कुठली?”

मी म्हणाले, “शाळेतली मुलं म्हणजे मुलीपण आल्याच की.”

तिने नुसते माझ्याकडे पाहिले. तिला माहीत होते आणि मलाही माहीत होते. ऊसतोडीच्या पोरांसाठी मी भर बैठकीत उभी राहिले होते. स्वतःच्या लेकीचा विषय तोंडातून निघाला नाही. का नाही निघाला, याचे उत्तर मी रात्री स्वतःला दिले. परक्याच्या पोरासाठी बोलले तर लोक भली बाई म्हणतात. आपल्या तरण्या मुलीसाठी बोलले तर लोक आपल्या घराकडे बघतात.

मी लहान असताना लगोरी चांगली खेळायचे. सातवीत असताना एका दुपारी अम्मीने फक्त एवढेच म्हटले, “आजपासून बाहेर नको.” रागावली नाही, कारण दिले नाही. त्या दिवसापासून मी खिडकीतून लगोरी पाहिली. अम्मीबद्दल माझी तक्रार नाही. तिला जे मिळाले होते त्याहून जास्तच तिने मला दिले. तालीम दिली. पण ती खिडकी मला अजून आठवते.

इकडे दुसरा वाद पेटला होता, गाण्यांचा. तरुणांना डीजे हवा होता. भजनी मंडळाला वाटत होते, पहिला कार्यक्रम भजनाचा व्हावा. आमच्या मोहल्ल्यातल्या काही बुजुर्गांचे म्हणणे होते की खेळ ठीक, पण गाणे-बजावणे कशाला? आमच्या घरातच दोन मते होती. माझे सासरे, ज्यांना घरात सगळे अब्बाजी म्हणतात, त्यांनी सरळ सांगितले, “आपल्या घरचं कुणी जाणार नाही.”

आमचे इमामसाहेब वयाने तरुण आहेत पण सबुरीचे आहेत. मोहल्ल्यातली मंडळी त्यांच्याकडे गेली. त्यांनी आधी मान्य केले की वाद्यांबाबत उलेमांमध्ये मतभेद आहेत आणि ज्याला सावध राहायचे आहे त्याचा आदर करायला हवा. मग त्यांनी हदीसमधला ईदचा प्रसंग सांगितला. हजरत आयेशा (रजि.) यांच्या घरी दोन लहान मुली गात होत्या. हजरत अबूबक्र (रजि.) आले आणि त्यांना रागावले. तेव्हा हजरत मुहम्मद (स.) यांनी त्या मुलींना गाऊ द्यायला सांगितले, कारण तो ईदचा दिवस होता. ईदच्याच दिवशी हबशी लोक मशिदीत भाले-ढालींचा खेळ करत होते आणि हजरत आयेशा (रजि.) यांनी तो खेळ पैगंबरांच्या आडोशाला उभे राहून मन भरेपर्यंत पाहिला. इमामसाहेब एवढे सांगून थांबले. शेवटी म्हणाले, “आनंदाला दार आहे. पण दाराला उंबराही आहे. डीजेवर जी गाणी वाजतात, ती आपल्याच मुलींसमोर आपल्याला ऐकवतील का, एवढं बघा.”

डीजे तिथेच बाद झाला. गंमत म्हणजे भजनी मंडळातल्या बुवांनाही तो नकोच होता. दोन्हीकडचे बुजुर्ग एका बाजूला आणि दोन्हीकडची पोरे दुसऱ्या बाजूला, असे चित्र झाले होते.

पण अब्बाजी तरीही राजी नव्हते. एका रात्री जेवण झाल्यावर माझ्या मालकांनी विचारले, “अब्बा, इमामसाहेबांनी सांगितलं तरी तुम्ही नाही म्हणता. खरं कारण काय?”

अब्बाजी बराच वेळ सुपारी कातरत राहिले. मग त्यांनी जे सांगितले ते माझ्या मालकांनीही आधी ऐकले नव्हते.

तरुणपणी अब्बाजी मुंबईत मदनपुऱ्यात एका बेकरीत कामाला होते. १९७५ च्या जानेवारीत वानखेडे स्टेडियमवर पहिला कसोटी सामना झाला. ते मैदानही वादातूनच उभे राहिले होते. ब्रेबॉर्नची मालकी असलेला क्लब मुंबई क्रिकेट असोसिएशनला पुरेशी तिकिटे देत नव्हता, म्हणून असोसिएशनचे अध्यक्ष शेषराव वानखेडे यांनी तिथून जवळच दुसरे स्टेडियम बांधायला घेतले आणि वर्षभरात ते उभे केले. समोर वेस्ट इंडीजचा संघ. बेकरीतल्या चौघांनी पैसे जमवून तिकीट काढले होते. क्लाइव्ह लॉईडने द्विशतक केले. तेव्हा एक पोरगा कुंपण ओलांडून त्याचे अभिनंदन करायला मैदानात धावला.

“त्याचा गुन्हा एवढाच की तो खूश झाला होता,” अब्बाजी म्हणाले. “पोलिसांनी त्याला धरून मारलं. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. मग लोक भडकले. खेळ थांबला. मी कुणाच्या तरी पायाखाली गेलो होतो. माझी एक चप्पल तिथंच राहिली. नव्या मैदानाची माणसाला सवय नसते आणि माणसांची मैदानाला सवय नसते. गाण्याला मी भीत नाही. मी गर्दीला भितो. आणि आजकाल गर्दीत काही झालं, तर पहिलं बोट कुणाकडे दाखवतील, हे तुम्हाला सांगायला नको.”

घरात कुणी काही बोलले नाही. अब्बाजींच्या नकाराला आम्ही कट्टरपणा समजत होतो. ती भीती होती, पन्नास वर्षांची.

दुसऱ्या दिवशी माझे मालक त्यांना पारावर घेऊन गेले. अब्बाजींनी आपल्या अटी सांगितल्या. प्रत्येक गल्लीतून दोन-दोन स्वयंसेवक, मोहल्ल्यातले आणि गावातले जोडीने. दोर बांधायचा नाही. लहान मुले सगळ्यांत पुढे, बायका एका अंगाला, येण्या-जाण्याला दोन वाटा. कुणी मैदानात धावून आले तर त्याला हात लावायचा नाही, खांद्यावर हात ठेवून परत आणायचे. आणि मगरिबला पंधरा मिनिटे माईक बंद. हे शेवटचे बुवांनी स्वतःहून कागदावर लिहिले, ‘मगरिब – विश्रांती’.

शनिवार उजाडला. आदल्या आठवड्यात कोयते परत आले होते. बैलगाड्या, ट्रॅक्टर, वर भांडीकुंडी आणि त्यावर बसलेली पोरे. उन्हाने काळवंडलेली, पायांना उसाच्या पाचटीचे ओरखडे. त्यांना मैदान दाखवले तेव्हा एक जण म्हणाला, “माझी बाभळ इथं होती.” त्याने बरोबर जागा दाखवली.

असरनंतर कार्यक्रम सुरू झाला. आबांनी नारळ फोडला, इमामसाहेबांनी दुआ केली. फीत कापायला पुढारी नको असे आधीच ठरले होते. ज्या पोराचा पाय मोडला होता त्याच्या हातात कात्री दिली. तो अजून जरा लंगडत चालतो. पाच-पाच षटकांचा सामना झाला. समालोचन करणाऱ्या मास्तरांनी बीडच्या सचिन धसची आठवण काढली, ज्याने २०२४ च्या एकोणीस वर्षांखालील विश्वचषकात उपांत्य सामन्यात भारताचे चार गडी ३२ धावांत गेले असताना ९६ धावा काढल्या. शेजारच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेचे नाव घेतले, जो लहानपणी शाळेत पायी जायचा आणि पुढे आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकून आला. शेजारच्या जिल्ह्यातल्या श्रीरामपूरच्या झहीर खानचेही, ज्याने २०११ च्या विश्वचषकात २१ बळी घेतले. पोरे टाळ्या वाजवत होती. माझ्या शेजारी बसलेली धाकटी बोटे मोजत होती. मी विचारले, काय मोजतेस? म्हणाली, “मुलींची नावं. अजून एकही आलं नाही.”

मगरिबनंतर गाणी सुरू झाली. शाळेतल्या मुलांनी समूहगीत म्हटले. हलगी वाजली तेव्हा म्हातारीकोतारीसुद्धा मान डोलवू लागली. भजनी मंडळाने टाळ-मृदंग धरला. आमच्या मोहल्ल्यातले एक शिंपीकाम करणारे भाई, ज्यांचा आवाज आम्ही फक्त मिलादच्या वेळी ऐकतो, त्यांनी वाद्याशिवाय नात म्हटली. त्यांची नात मध्यावर असताना लाइट गेली.

माईक बंद, दिवे बंद. मला पहिले अब्बाजी दिसले. ते खुर्चीवरून अर्धवट उठले होते. अंधारात गर्दी, ज्याची त्यांना भीती तेच. दोन क्षण सगळे गप्प. पण भाई थांबले नाहीत. माईकशिवाय त्यांचा आवाज मागच्यांपर्यंत पोचेना, म्हणून मागचे लोक हळूहळू पुढे सरकले आणि खाली बसले. कुणीतरी मोबाईलचा उजेड केला, मग दुसऱ्याने. नात संपल्यावर ऊसतोडीहून आलेल्या तीन-चार बायकांनी ओव्या धरल्या. फडात पहाटे मोळ्या बांधताना म्हणतात तशा. त्यांना माईकची सवयच नव्हती. लाइट पाऊण तासाने आली तेव्हा पोरांनी ओरडून ती परत घालवायला सांगितले. अब्बाजी तोवर खाली सतरंजीवर बसले होते, आबांच्या शेजारी.

कुणाला धक्का लागला नाही, कुणाची चप्पल हरवली नाही. इशाच्या आधी सगळे घरी.

गोष्ट इथे संपवता आली असती. पण मी घरी आले तरी त्या कागदावरच्या वेळा डोळ्यांपुढून जात नव्हत्या. ब्रेबॉर्नची गोष्ट मीच सांगितली होती. खुर्च्यांच्या वाटणीत कोण बाहेर राहिले, असे मीच विचारले होते. आणि माझ्याच घरातली एक पोर बाहेर होती.

रात्री मालकांशी बोलले. ते म्हणाले, “अब्बांना विचार.” सकाळी फजरनंतर अब्बाजींना चहा देताना मी विचारले. शब्द जुळवून ठेवले होते. सांगणार होते की हजरत आयेशा (रजि.) पैगंबरांबरोबर धावण्याच्या शर्यतीत उतरल्या होत्या, एकदा त्या जिंकल्या आणि नंतर एकदा ते जिंकले. सांगणार होते की २०२३ मध्ये एकोणीस वर्षांखालील मुलींच्या पहिल्या विश्वचषकात जिंकलेल्या आपल्या संघाची प्रशिक्षक नूशीन अल खदीर होती. यातले काहीच बोलावे लागले नाही. अब्बाजींनी बशीतला चहा संपवला आणि म्हणाले, “कपडे नीट असू देत. मी खुर्ची घेऊन बसेन तिथं.”

माझी धाकटी, तिच्या वर्गातल्या दोघी, ऊसतोडीहून आलेली एक आणि मी, अशा पाच जणी निघालो. मागून अब्बाजी, डोक्यावर खुर्ची घेतलेला नातू त्यांच्याबरोबर. मैदानावर मोठी मुले आधीच खेळत होती. एक जण म्हणाला, “चाची, जरा बसा. दहा ओव्हर झाल्या की देतो.” आम्ही बसलो. दहाच्या पंधरा झाल्या. मग मी उठले, ओढणी डोक्यावर नीट केली आणि स्टंपपाशी जाऊन उभी राहिले. गोलंदाज धावत येता येता थांबला.

मी म्हणाले, “तुझ्या ताटलीत खिचडी मीच वाढली आहे ना रे? मग आता माझ्या पोरींना वाढ.”

सगळे हसले. तोही हसला. त्याने चेंडू धाकटीकडे टाकला.

तिचा पहिला चेंडू फार बाहेर गेला. दुसरा पण. तिसरा मात्र सिमेंटवर पडून असा वळला की फलंदाज पोरगा बॅटकडे बघत राहिला. अब्बाजी काही बोलले नाहीत. पण संध्याकाळी त्यांनी घरात प्रत्येकाला तो चेंडू हाताने करून दाखवला.

आता किराणा दुकानाजवळच्या कागदावर नवी ओळ आहे. ‘मुली – संध्याकाळी ५ ते ६’. सगळे काही छान झाले असे मी लिहिणार नाही. एका मुलीच्या घरून दुसऱ्याच आठवड्यात बोलावणे आले आणि ती यायची थांबली. तिच्या अम्मीकडे मी दोनदा जाऊन आले, तिसऱ्यांदाही जाईन. काही दिवस सात जणी येतात, काही दिवस दोघी. दोघी आल्या तरी तो तास त्यांचाच असतो, हे मुलांनी पाळले आहे. अब्बाजी रोज खुर्ची घेऊन बसतात. पहिल्या आठवड्यात पहारा करत होते, आता धावा मोजतात आणि चुकीच्या मोजतात.

दिवाळीनंतर कोयते पुन्हा निघतील. तेव्हा त्या एका मुलीचे नाव माझ्या नोंदवहीत परत ‘स्थलांतरित’ होईल. मैदानाच्या यादीतून मात्र ते काढायचे नाही, असे मी पोरींना सांगून ठेवले आहे. ती परत येईल तेव्हा तिची बारी तिथूनच पुढे सुरू होईल.

माझ्या बहिणींनो, तुमच्या गावात असे एखादे मैदान उघडत असेल तर फीत कुणी कापली हे जरूर पाहा. पण दुसऱ्या दिवशी सकाळी एकदा तिकडे चक्कर मारा आणि वेळांच्या त्या कागदावर आपल्या घरातली कोणकोणती पोरे बसतात, हेही वाचा. एखादे नाव राहिले असेल तर तिथे जाऊन उभ्या राहा. अल्लाह आपल्या सगळ्यांच्या लेकरांना हसती-खेळती ठेवो. आमीन.